विसर्जनाआधीची धूळ

9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनाला असलेली आडकाठी मात्र कायम ठेवली. 24 जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात, असे ठरले. त्याआधी पाच वर्षे हा वाद धुमसत होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मे 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे, मूर्तिकार संघटनांची मंत्रालयातली ये-जा, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत डॉ. अनिल काकोडकर यांच्याकडे सोपवलेला अभ्यास, मग पुन्हा न्यायालय. या सगळ्यात मासे, तळी, खाड्या आणि समुद्र यांची बाजू मांडणारे पुष्कळ होते, आणि ती मांडायलाच हवी होती. मूर्तिकारांच्या पोटाची बाजूही हिरिरीने मांडली गेली. त्यांच्या छातीची बाजू कोणी मांडल्याचे मात्र जाहीर चर्चेत ऐकू आले नाही. पीओपी पाण्यात गेल्यावर काय होते, यावर सारा महाराष्ट्र बोलला. ते पाण्यात जाण्याआधी दहा महिने कोणाच्या नाकातोंडात जात असते, हा प्रश्न तसाच राहिला.

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे भागात उन्हाळ्याच्या दिवसांत कोणत्याही कारखान्यात डोकवावे. कारखाना म्हणजे बहुतेकदा घराला लागून काढलेली पत्र्याची शेड. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती रांगेने मांडलेल्या असतात आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्रत्येक मूर्तीवर एक उभी कड उमटलेली असते. ती कड घासून मोडायची, सोंडेची वळी गुळगुळीत करायची, कानाच्या मागची खडबड काढायची, हे काम पॉलिश पेपरने होते आणि ते बहुतांशी बायका करतात. नाकावर पदर किंवा ओढणी. पेपर चार वेळा फिरवला की घासलेल्या जागी पूड साचते आणि खालचा पृष्ठभाग दिसेनासा होतो. मग ती बाई ओढणी खाली ओढते आणि फुंकर मारते. पूड उडते, काम दिसते, पुढच्या श्वासाबरोबर उडालेल्यातली थोडी पूड आत जाते. दिवसभरात अशा फुंकरा किती, याची मोजदाद कोणी करत नाही. ज्या कारखान्यात कॉम्प्रेसर असतो तिथे फुंकरीचे काम हवेची नळी करते आणि मग पूड एकट्या घासणाऱ्या बाईपुरती न राहता अख्ख्या शेडची होते. पलीकडच्या कोपऱ्यात रंगकाम चाललेले असते, दारात पोरे खेळत असतात.

ही पूड म्हणजे मुळात जिप्सम. जमिनीतून निघणारा मऊ दगड. आपल्या देशात खणले जाणारे जवळपास सगळे जिप्सम राजस्थानातले. दीडशे अंशांच्या आसपास भाजले की त्यातले पाऊण पाणी निघून जाते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातले की गेलेले पाणी परत घेऊन ते पुन्हा जिप्समचा दगड होते. म्हणजे मिसळताना उडते ती पीओपीची धूळ आणि घासताना उडते ती जिप्समची. पहिली ओलावा शोधतच असते. तो तिला डोळ्यांत, नाकात, घशात आणि घामेजलेल्या कातडीवर आयता मिळतो. डोळे चुरचुरणे, नाक कोरडे पडून मधूनच रक्त येणे, घसा बसणे, हाताला भेगा, वास कमी येणे, सकाळचा खोकला, अशा या पुडीच्या तक्रारी असतात. कारखान्यात विचारले तर ‘ते चालायचंच’ असे उत्तर मिळते. गणपती झाले की बरे वाटते, असेही सांगतात. पण अनंत चतुर्दशी उलटून थोडे दिवस होतात न होतात तोच पुढच्या वर्षीच्या साच्यांवर काम सुरू झालेले असते.

खरे ते सांगायला हवे. जिप्सम म्हणजे सिलिका नव्हे. सिलिकाचा स्फटिक फुप्फुसात बसला की तो विरघळत नाही. त्याच्याभोवती चट्टे वाढत जातात आणि माणूस वर्षानुवर्षे दमाने झिजतो. जिप्सम शरीरातल्या द्रवांत हळूहळू विरघळते आणि बरेचसे निघून जाते. म्हणून जगभरच्या तक्त्यांत त्याची गणना विषारी धुळीत होत नाही, साध्या त्रासदायक धुळीत होते. अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा यंत्रणेने कामाच्या जागी जिप्समसाठी ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 15 मिलिग्रॅम एकूण धूळ आणि 5 मिलिग्रॅम फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी बारीक धूळ अशी आहे. सिलिकाच्या मर्यादेपेक्षा ही कितीतरी सैल.

नेमकी ही सैल मर्यादाच घात करते. ‘जिप्सम निरुपद्रवी’ एवढे अर्धे वाक्य उचलून ठेकेदार निश्चिंत होतो. पण मूर्तीच्या शेडमध्ये किंवा भिंती-छताचे पीओपी घासताना फ्लॅटमध्ये उडणारी पूड शुद्ध जिप्समची असते, असे कोणी सांगितले? खनिजात क्वार्ट्झ कमी-अधिक असतोच, आणि क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकी सिलिका. भिंतीवरच्या पुट्टीत आणि सांधे भरण्याच्या लुकणात अभ्रक, शंखजिरे, सिलिका यांची भर पडते. इंग्लंडमधल्या जिप्समच्या खाणकामगारांची तपासणी 1982 साली प्रसिद्ध झाली, त्यात छातीच्या एक्स-रेवर दिसलेल्या बारीक डागांचा संबंध जिप्समपेक्षा त्यातल्या क्वार्ट्झशी लागला होता. स्फटिकी सिलिका कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 सालीच दिला आहे. तेव्हा पोत्यावर काय छापले आहे यापेक्षा पोत्यात काय आहे, हे महत्त्वाचे. आणि ते पेणच्या बाईला किंवा मालाडच्या पीओपीवाल्याला कळण्याची सोय नाही.

दुसरे असे की मर्यादा सैल असली तरी ती पाळली जाते का? अमेरिकेच्या निऑश या संशोधन संस्थेने 1999 साली जिप्सम बोर्डाच्या सांध्यांची घिसाई करणाऱ्यांबद्दल एक पत्रक काढले. घिसाई करणाऱ्याच्या नाकाजवळची धूळ त्या 15 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या दहापटीपर्यंत गेल्याचे त्यात नोंदवले आहे. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. दहापट धूळ दिवसभर राहिली तर त्या हवेतून दीड ग्रॅम पूड त्याच्या नाकातोंडाशी येते. त्यातली बरीच नाकात आणि घशात अडते, थुंकीवाटे जाते किंवा पोटात जाते. पण तीनशे दिवसांचा हिशेब केला तर अडीअडचणीला उधार आणलेल्या साखरेच्या पुडीएवढी, अर्ध्या किलोच्या घरातली, धूळ एकट्या माणसाच्या श्वासाच्या वाटेवर आलेली असते. इतका भार पडल्यावर धूळ ‘साधी’ आहे की नाही, हा वाद फुप्फुस घालत बसत नाही. आणि हे आकडे अमेरिकेतल्या बांधकामावरचे आहेत. पत्र्याच्या ज्या शेडमध्ये, पंखा पूड उडवतो म्हणून तोही बंद ठेवून काम चालते, तिथली हवा कोणी मोजायची?

मूर्तीच्या कामाला गणपतीनंतर थोडी तरी उसंत असते. इमारतीच्या कामाला तीही नाही. वाळूचे लिलाव अडले, वाळू महागली, तशी मुंबई-ठाणे-पुण्यातल्या नव्या इमारतींत आतल्या भिंतींना वाळू-सिमेंटऐवजी जिप्सम प्लास्टर आले. पाणी मारत बसावे लागत नाही, काम भराभर उरकते, भिंत काचेसारखी येते. वर पुट्टी, त्यावर घिसाई, पुन्हा पुट्टी, पुन्हा घिसाई. छताला फॉल्स सीलिंग हवे तर घिसाई डोक्यावर करायची. घोडीवर उभा राहून मान मागे टाकलेला कारागीर एका हाताने पेपर फिरवतो, आणि दुसरा माणूस हॅलोजनचा दिवा छताला लागून तिरपा धरतो, म्हणजे उंचसखलपणा सावलीत दिसावा. त्या झोतात धूळही दिसते, इतकी दाट की दिवा धरणाऱ्याचा चेहरा धड दिसत नाही. ती सगळी वर पाहणाऱ्याच्या उघड्या डोळ्यांत आणि नाकात उतरते. राहत्या इमारतीत काम असेल तर आणखी एक गंमत असते. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडक्या बंद करतात आणि दाराच्या फटीला ओली चादर लावतात. सोसायटीचा जिना स्वच्छ राहतो. आतल्या धुळीला बाहेर पडायला आतल्या माणसांच्या छातीखेरीज जागा उरत नाही.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये हवा फारच बिघडली तेव्हा बांधकामांसाठी नियमावली काढली. 70 मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती 35 फुटांचे पत्रे, चालू बांधकाम सर्व बाजूंनी हिरव्या कापडाने, तागाने किंवा ताडपत्रीने झाकणे, पाण्याचे फवारे, ट्रकची चाके धुणे. कामगारांनी मास्क, गॉगल वापरावेत, असेही त्यात होते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला पत्रे दिसतात, कापड दिसते. चौदाव्या मजल्यावरच्या बंद खोलीतला पेपर मारणारा दिसत नाही. जे दिसते त्याचीच तपासणी होते. शहराला धूळ लागू नये म्हणून इमारत झाकायची आणि झाकलेल्या इमारतीत माणसे ठेवायची, हा त्या नियमावलीचा हेतू नक्कीच नव्हता, परिणाम मात्र तो झाला.

कायद्याचे म्हणाल तर कायदा कधीच कमी नव्हता. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 14 व्या कलमात म्हटले होते की कामगारांना अपायकारक किंवा त्रासदायक होईल अशी धूळ उडत असेल तर ती श्वासात जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करावेत, आणि धूळ ओढून घेणारे साधन ती जिथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितके जवळ असावे. नुसत्या त्रासदायक धुळीलाही लागू असलेले इतके स्वच्छ कलम शोधून सापडणार नाही. पण ते ‘कारखान्याला’ लागू, आणि जोह्याची शेड लोकांच्या तोंडी कारखाना असली तरी कायद्याच्या लेखी नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्यासाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी 40 कामगारांची अट आहे; इतर आस्थापनांना दहाची. घरच्या पाच-सात माणसांचा मूर्तीचा धंदा आणि तीन माणसांची पीओपीची टोळी दोन्ही या चाळणीतून खाली पडतात. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी व्हावी, अशी तरतूद मोठ्या कौतुकाने सांगितली गेली. घिसाईला पोरगा अठराव्या वर्षी लागतो. चाळिशीपर्यंत बावीस वर्षे धूळ खाऊन झाल्यावर त्याची छाती तपासायची, यात कौतुक कसले? आणि तोवर तो कोणाच्या हजेरीपटावर असेल?

त्याच संहितेत एक खिडकी आहे. धोक्याचे काम असेल तर एकच कामगार असलेल्या जागेलाही ती लागू करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते. बंद जागेत जिप्सम, पुट्टी आणि पीओपीची कोरडी घिसाई अशा अधिसूचनेत यायला हवी. राज्याने ती मागणी करावी. गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देणाऱ्या सरकारला मूर्ती घासणाऱ्या हातांसाठी दिल्लीला एक पत्र लिहिणे जड जाऊ नये. राज्याच्या हाती जे आहे तेही थोडे नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने पेणला चार ठिकाणी हवेचे नमुने घेतले तरी चर्चेला आधार मिळेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना पत्र्याची पेटी, चटई, मच्छरदाणी, हेल्मेट देते. घिसाई करणाऱ्याच्या पेटीत एन-95 दर्जाचे, भारतीय मानकाचे मास्क गठ्ठ्याने हवेत, आणि संपल्यावर पुन्हा मिळायला हवेत. ओढणी आणि गमछा जाड पूड अडवतात. जी पूड डोळ्यांना दिसत नाही तीच फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि ती सुती कापडाच्या विणीतून आरामात पार होते.

मास्क हा मात्र शेवटचा उपाय. उन्हाळ्यात पत्र्याखाली आठ तास मास्क लावून काम करून दाखवा, मग कामगारांच्या बेफिकिरीवर बोला. धूळ उडूच नये, ही खरी सोय, आणि ती फार महागही नाही. निऑशच्या त्याच पत्रकात नोंद आहे की घिसाईच्या यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडली तर हवेतली धूळ 80 ते 97 टक्क्यांनी घटते. अशी यंत्रे आता बाजारात सर्रास मिळतात. एका मध्यम फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगच्या बिलात ती सहज बसतात. मूर्तीच्या कारखान्यात तर यंत्राशिवायही पुष्कळ करता येते. साच्याची कड मूर्ती अर्धवट ओली असतानाच पात्याने तासावी, उरलेली ओल्या स्पंजने पुसावी. पीओपी कालवताना आधी पाणी घ्यावे, मग त्यात पूड सोडावी. पुडीवर पाणी ओतले की ढग उठतो. रिकामी गोणी झटकू नये. केरसुणीऐवजी ओले फडके. फुंकर अजिबात नको. जुने कारागीर यातल्या अर्ध्या गोष्टी जाणतात. घाई आली की विसरतात, कारण दर नगावर असतो.

पीओपीचा आणखी एक गुण लोक विसरतात. घट्ट होताना ते तापते, आणि मोठा गोळा असेल तर चांगलेच तापते. 2007 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने हाताचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात पीओपीच्या बादलीत घातले. पीओपी आवळले आणि तापले. तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. कारखान्याच्या दारात खेळणारी पोरे नेमका हाच खेळ खेळतात.

‘मग शाडूच वापरा’ म्हणणाऱ्यांसाठीही एक शब्द. पाण्याच्या दृष्टीने शाडू बरा, यात शंका नाही. पण शाडू ही माती आहे आणि मातीत क्वार्ट्झ असतोच. कुंभारकामातल्या सिलिकोसिसचा इतिहास जुना आहे. वाळलेली शाडूची मूर्ती पॉलिश पेपरने घासली तर उडणारी धूळ जिप्समपेक्षा वाईट असू शकते. पर्यावरणपूरक मूर्ती म्हणून आपण जी हौसेने घरी आणतो ती घडवणाऱ्याला पूरक होती का, हे विचारणारा ग्राहक अजून तरी दिसत नाही. पदार्थ बदलून प्रश्न सुटत नाही, कामाची पद्धत बदलावी लागते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी येत्या वर्षात रंगकाम, पीओपी किंवा फॉल्स सीलिंग निघेल. ठेकेदाराकडून कोटेशन घेताना चौरस फुटाच्या दराखाली एक ओळ लिहून घ्या: घिसाई धूळ ओढणाऱ्या यंत्रानेच होईल, आणि काम करणाऱ्याला एन-95 मास्क व गॉगल ठेकेदार देईल. त्यापोटी दोन रुपये जास्त मागितले तर द्या. आणि यंदा मूर्ती नोंदवायला जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी कारखान्यात कड कशी मोडतात, ते विचारा.